बद्रीनाथरावांना भूक हवी होती

चिकलठाण्याच्या आमच्या गल्लीत बद्रीनाथरावांच्या उपासाला मोठा मान होता. वजन एकशे चार किलो आणि एकादशीला दिवसभर पाण्याचा घोट तेवढा. भगर नाही, शेंगदाण्याची आमटी नाही, तोंडावर सुतक नाही. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई वजनानं त्यांच्या निम्म्यासुद्धा नाहीत, पण उपासाला त्या दहा वाजताच भांडी आपटायला लागत आणि वर म्हणत, "यांच्याकडं बघा, साधू हायेत."

साधूचं दुखणं निराळंच होतं. कंपनीच्या स्टोअरात एकतीस वर्षं काढली. तिथं जेवण भोंग्यावर यायचं, भुकेची वाट बघायचं नाही. निवृत्त झाले तरी खरी भूक कधी परतली नाही. नोकरीआधी गावी, करमाडला शेतात राबायचे तेव्हा ती होती. नवी नवरी द्वारका बांधावरून भाकरी घेऊन येताना दिसली की हातातलं खुरपं खाली पडायचं. ते भाकरीसाठी पडायचं की आपल्यासाठी, हे द्वारकाबाईंना अजून पक्कं माहीत नाही.

"आता तुमी जेवता का रजिस्टरात सही करता, तेच कळत नाय," त्या ताट वाढताना म्हणत. बद्रीनाथराव पुढचा घास उचलत. सही होत असे.

शेजारच्या केशवरावांची वैदेही डॉक्टर आहे. तिनं त्यांना आपल्या उपासाच्या अभ्यासात घेतलं. दोन दिवस नुसतं पाणी आणि ठरावीक वेळानं रक्ततपासणी. "उपासाचं चालतं की," म्हणत द्वारकाबाईंनी भगरीचा डबा सोबत दिला. तो वैदेहीनं दवाखान्याच्या दारातच काढून घेतला.

तपासण्या हाती आल्यावर ती म्हणाली, "काका, पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक निघतं. मेंदूला भूक कळवतं ते. सडपातळ माणसात उपासाला ते चढतं. अंगावर चरबी जास्त असली की बऱ्याचदा खालीच राहतं. तुमचं जागचं हललं नाही."

"म्हंजी माझी भक्ती नाय?"

"चरबी आहे, काका."

द्वारकाबाई दोन दिवस हसत होत्या. बद्रीनाथरावांनी एवढंच विचारलं, "परत येईल का ती?"

"वजन उतरलं तर बहुतेक येईल. लोक तर तेव्हा तिची तक्रार घेऊन येतात."

दुसऱ्या दिवसापासून ते विमानतळाच्या भिंतीकडेनं चालू लागले. आठ महिन्यांत सतरा किलो गेले. त्याचं कौतुक गल्लीला. हे घरी येऊन पोटावर हात ठेवून बसत, जणू पाहुण्याची रिक्षा वळणावर ऐकू येतेय का बघत असावेत.

परवा सकाळी अकराच्या सुमाराला त्यांनी हाक मारली. "द्वारका, भूक लागल्यावानी वाटायलंय."

"वाटायलंय, का लागली?"

"पोटात ओढायलंय. करमाडला ओढायचं तसं. तितकं नाय, पण तिकडलंच हाय."

द्वारकाबाईंनी परात घेतली, पीठ मळलं, तवा ठेवला. पहिला गोळा थापायला घेतला तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. इतक्यात टाकू नको."

"का हो?"

"राहू दे जराशी. लई वर्सांनी आलीय."

द्वारकाबाईंनी गॅस बारीक केला आणि पिठाच्या हातानंच त्या त्यांच्याजवळ येऊन बसल्या.