नाताळाची गाणी आणि आबांची म्हैस

काटेवाडीच्या आमच्या गोठ्यात रेडिओ खुंटीला टांगलेला असे, आणि तो माणसांसाठी नव्हता. गाणं लागल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही, अशी माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, पक्की समजूत. संध्याकाळच्या धारेला लोकगीतंच हवीत. बातम्या लागल्या की म्हणे ती बिथरते!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीच्या कॉलेजात होते. एका डिसेंबरात काटा फिरवताना दुसऱ्या स्टेशनवर नाताळाची गाणी सापडली. पियानो वाजतोय, पुष्कळ माणसं एकदम गातायत, आणि कुणाचा आवाज कुणाला ढकलत नाही. मला वेडच लागलं. नाताळापर्यंत रोज ऐकवू, असं निवेदिका म्हणाली. पण वेळ नेमकी धारेची.

"आबा, तेवढे दिस माजं स्टेशन लावू द्या की."

"आन म्हशीनं पान्हा चोरला मंजी? डेअरीत काय सांगू, लेकीला गाणी ऐकायची हुती?"

उन्हाळ्यात माझं लग्न व्हायचं होतं. इंदापूरला सासरी रेडिओ कुणाच्या हातात असेल, कोण जाणे. मी हट्टालाच पेटले. शेवटी आबा तोंड वाकडं करून धारेला बसले. गाणं सुरू झालं. म्हशीनं कान हलवले, आणि बादली रोजच्यासारखीच भरली.

"म्हस बी तुजीच निघाली," आबा हिरमुसून म्हणाले.

मग रोज आम्ही तेच ऐकलं. एकदा त्यांनी विचारलं, "ह्यात काय म्हनत्यात गं?"

"बाळ जन्मलंय. गोठ्यात."

"गोठ्यात व्हय?" आबांनी आमच्या गोठ्यावरून नजर फिरवली. "मग गारठलं आसंल की लेकरू."

पुढच्या नाताळाला मी इंदापूरहून माहेरी आले. सासरी संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे. लग्न झाल्यापासून रेडिओला हात लागला नव्हता. एसटीतून उतरून घराशी पोचते तो गोठ्यातून तीच गाणी! आबा म्हशीजवळ पोत्यावर बसले होते.

"काय आबा, आता ह्याच गाण्यावर धार का?"

"म्हशीला सवय लागली, काय करनार," आबा माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी हसत आत गेले. आईनं पुढ्यात कोरा चहा ठेवला.

"दूध गं?"

"कुठलं दूध? म्हस दिवाळीपासनं भाकड हाय."

मी तो चहा दोन कपांत ओतला आणि गोठ्यात आबांशेजारी जाऊन बसले.