तिसऱ्या हाकेला

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते अवरेकाय सोलायचं. महाराष्ट्रातले लोक पावटा म्हणतील, आमच्याकडे बेंगळुरात थंडी पडली की घरोघर अवरेकायच. सर्जापूर रोडला मुलाचा फ्लॅट आहे, त्याच्या बाल्कनीत पेपर पसरून बसलो होतो. ती दाणे काढायची, मी सालं गोळा करायचो. माझ्या दाण्यांत अळ्या राहतात म्हणून दाणे मला द्यायची नाही.

ती म्हणाली, "अहो, आता हजेरी आली. गुडघा हो म्हणाला तर मी येते. नाही तर तुम्ही जायचं आणि अण्णाची हजेरी द्यायची."

मी म्हटलं, "तुझ्या भावाची हजेरी मी कशाला देऊ? मी काय मिल्ट्रीत होतो?"

"दाजी आहात की त्याचे. आणि स्वल्प मोठ्यानं म्हणा. सुभेदारांना ऐकू येत नाही."

"मग ऑटोचा हॉर्न घेऊन जाऊ?"

हसली. दाण्यांची परात आत ठेवली, "पडते थोडी" म्हणाली आणि आडवी झाली. चहाला उठवायला गेलो तर उठलीच नाही.

तुमच्या अंकात लोक भुताखेतांचे अनुभव लिहून पाठवतात ना, ते ती मला मोठ्यानं वाचून दाखवायची. मी म्हणायचो, सगळे थापाडे. जन्मभर ऑटो चालवली, रात्रीबेरात्री स्मशानाच्या कडेनं भाडी मारली, मला कधी कोणी भेटलं नाही. चौथी शिकलेला माणूस आहे, पण खुळा नाही. तेव्हा आता मी लिहितोय म्हणजे काय ते समजा...

हजेरी म्हणजे काय ते आधी सांगतो. हलसूरच्या बाजूला एक लहानसा हॉल आहे. तिथं दरवर्षी थंडीत म्हातारे फौजी आणि लढाईत गेलेल्यांच्या घरची माणसं जमतात. एक सुभेदार आहेत, पार पिकलेले. डोळ्यांत मोतीबिंदू, कानानं कमी. ते काठी टेकून उभे राहतात आणि गेलेल्या जवानांची नावं एकेक करून पुकारतात. तोंडपाठ आहेत त्यांना. नाव आलं की त्या घरचं माणूस उभं राहतं आणि "हाजिर साहेब" म्हणतं. तीन वेळा पुकारतात. तिसऱ्या हाकेलाही कोणी बोललं नाही, तर अख्खा हॉल मिळून "हाजिर" म्हणतो. रीत चांगली आहे, पण माझ्या बायकोला ती सहन व्हायची नाही. "मी असताना माझ्या अण्णाची हजेरी परक्यांनी का द्यावी? आई गेली तेव्हा तिला शब्द दिलाय मी."

अण्णा म्हणजे हणमंत, तिचा मोठा भाऊ. आमचं लग्न नवीन होतं तेव्हा बॉर्डरवर गेला. माणूस परत आला नाही, त्याच्या सामानाची काळी पेटी आली. तेव्हापासून आधी सासू जायची, मग ही. हिची हजेरी पण सगळ्यांपेक्षा वेगळी. पहिल्या वर्षी सुभेदारांना ऐकू गेलं नाही, म्हणून ती घाबरून ओरडली होती - "हाजिर! आहे हो, इथंच आहे!" सगळे हसले. मग दरवर्षी तसंच म्हणायची. सुभेदार कानाला हात लावून ऐकायचे आणि ठीक अशी मान हलवून म्हणायचे, "सरी यमुनाक्का, बसा."

यंदा मी एकटा गेलो. नेहमीच्या जागी बसलो, रांगेच्या टोकाला. शेजारची खुर्ची ओढत एकानं विचारलं, "खाली आहे का?" मी म्हटलं, "नाही." बोलून गेलो तेव्हा कळलं काय बोललो.

दिवसाउजेडी, भर सकाळची गोष्ट. खिडक्या उघड्या, बाहेर बसचे हॉर्न. सुभेदारांनी पुकारलं, "नायक हणमंत जाधव!"

उभा राहिलो. तोंड उघडलं. आवाजच नाही! ती गेल्यापासून मी रडलो नव्हतो - आता तोंडातून काही निघालं तर तेच निघेल असं वाटलं. दात आवळले.

"नायक हणमंत जाधव!"

पुढच्या खुर्चीची पाठ धरली. मनात एकच - हिचा शब्द आज मी मोडतोय.

"नायक हणमंत जाधव!"

लोकांनी श्वास घेतला, सगळे मिळून म्हणायला. तो घेतलेला श्वास मला ऐकू आला. आणि त्याच्या आत, माझ्या डाव्या अंगाला, खांद्याच्या खालून -

"हाजिर! आहे हो, इथंच आहे!"

तीच. तोच स्वल्प घोगरा आवाज, तोच "हो" लांबवलेला. हॉलला हाजिर म्हणावंच लागलं नाही. सुभेदारांनी मान हलवली. "सरी यमुनाक्का, बसा." आणि पुढचं नाव घेतलं.

मी डावीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी. मला भीती नाही वाटली, खोटं कशाला सांगू. देवळात गाभाऱ्याचा पडदा सरकतो तेव्हा कसं गप्प व्हायला होतं, तसं झालं.

नंतर चहाला पुढच्या रांगेतल्या एक बाई आल्या. "अंकल, आंटींचं रेकॉर्डिंग लावलंत ना? फार छान केलंत." माझा फोन बटणांचा, तोही घरी चार्जिंगला. मी नुसती मान हलवली.

मग सुभेदारांकडे गेलो. त्यांना काही माहीत नव्हतं. म्हणाले, "यमुनाक्कांना सांगा, यंदा कानाला हात लावावा लागला नाही. स्पष्ट ऐकू आलं."

मी म्हटलं, "साहेब, ती गेली. अवरेकाय सुरू झालं तेव्हाच गेली."

म्हातारा ताठ उभा राहिला. मग काठी काखेत धरली, पाय जुळवले आणि कडक सॅल्यूट ठोकला. मला नाही. माझ्या डावीकडे, तिच्या डोक्याच्या उंचीवर. त्या माणसाला दिसत नाही धड...

घरी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, शॉकमध्ये तुम्हीच बोलला असाल." असेल बाबा. पण माझा हा ऑटोवाल्याचा फाटका आवाज एवढ्या लोकांना बाईचा कसा ऐकू आला? बहिऱ्या माणसाला स्पष्ट कसा ऐकू गेला? तुमच्यात कोणी शहाणा असेल तर त्यानं सांगावं. मला थापाड्या म्हणा, चालेल. मीही म्हणायचोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाल्कनीत गेलो. जन्मभर तिला "अगं" म्हणून हाक मारली, नावानं कधी नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती. कठडा धरला, पाय जुळवले आणि समोरच्या टॉवरपर्यंत जाईल असं ओरडलो, "यमुना!"

कबुतरं उडाली. सुभेदार थांबतात तसा थांबलो. पुन्हा पुकारलं. पुन्हा थांबलो. तिसऱ्यांदा पुकारलं आणि मीच म्हणालो, "हाजिर! आहे हो, इथंच आहे!"

आवाज निघाला. त्याच्या मागोमाग रडूही निघालं.

खालून वॉचमन वर बघून ओरडला, "एनु अंकल? काय झालं?"

म्हटलं, "काही नाही रे. हजेरी घेतोय."