विमलने सांगितलेला एक, मी सांगितलेले नऊ

फोन आला तेव्हा मी चवळीच्या शेंगा मोडत बसले होते. नंबर विमलच्या शेजारणीचा. मी हसतच उचलला, कारण विमलचा स्वतःचा फोन कायम कुठेतरी हरवलेला असायचा आणि ती शेजारणीच्या फोनवरूनच माझी खरडपट्टी काढायची. शेजारीण म्हणाली, "आजी, बाई गेल्या. आंघोळ करून आल्या, खुर्चीवर बसल्या, अन् बसल्याच." मी म्हटलं, बरं, तिच्याजवळ दे फोन. तिने पुन्हा तेच सांगितलं. मीही पुन्हा तेच म्हटलं, जरा चिडून, की अवं, तिले दे ना फोन. पलीकडून हुंदका आला तेव्हा कुठे... मग मी फोन ठेवला आणि उरलेल्या सगळ्या शेंगा मोडून घेतल्या. एकही ठेवली नाही. असं काहून केलं, हे सहा आठवड्यांनंतरही मला सांगता येत नाही.

विमल आणि मी दोघी नाकाडोंगरीच्या. दोघींचे बाप खाणीत कामाला, दोघींच्या घरी थोडी थोडी धानाची जमीन. बारावीपर्यंत एकाच एस.टी.ने तुमसरला शिकायला गेलो. तिला गणित यायचं, मला गणित सोडून सगळं यायचं असं मला वाटायचं. बारावीचा निकाल लागायच्या आधीच मी ठरवून टाकलं की आपण डॉक्टर होणार. नुसतं ठरवलं नाही, तर तुमसरच्या टेलरकडून पांढरा कोट शिवून घेतला आणि खिशावर लाल धाग्याने 'डॉ. शांता' काढून घेतलं. तो कोट घालून मी खाणीच्या वसाहतीतून दोन चकरा मारल्या. एका म्हातारीने गुडघा पुढे केला तर तो दाबूनही पाहिला. कोट घातलेली ती पोरगी आज माझ्यासमोर आली तर मी तिला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. विमलने माझे भौतिकशास्त्राचे पेपर कसे गेले ते विचारलं, जागा किती, मुलं किती याचा वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला आणि म्हणाली, "शांते, तुझा नंबर नाही लागत." मी तिच्याशी बोलणं सोडलं. नंबर अर्थातच लागला नाही. माझ्या मायनं तो कोट बुजगावण्याला चढवला. त्या वर्षी आमच्या शेतात, धानाच्या बांधीत, डॉ. शांता दोन्ही हात पसरून उभी होती आणि पोपट तिला जराही भीत नव्हते. एक दिवस विमल बांधीच्या काठाला, धुऱ्यावर, येऊन उभी राहिली आणि बुजगावण्यापुढे हात जोडून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, दोन महिन्यांपासून मैत्रीण बोलत नाही, काही औषध हाये का?" मी बांधीत चिखलात बसून हसले. तिथून पुढे आमचं बोलणं कधी तुटलं नाही.

ती गणिताची शिक्षिका झाली, भंडाऱ्याला हायस्कुलात तीस-पस्तीस वर्षं शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर तिच्या ओसरीवर जिल्हाभरातून लोक येऊ लागले. अमुक मोठ्या संस्थेत आमच्या लेकराचा नंबर लागेल काय, हे विचारायला. विमलबाईला दाखवून या, असं लोक म्हणत, जसं डॉक्टरला दाखवून या म्हणतात. आईबापांना ती ओसरीवर बसवायची आणि लेकराला आत स्वयंपाकघरात न्यायची. खोडरबर बाहेर ठेवायला लावायची. मग एक असं गणित द्यायची जे सुटायला घंटाभर लागेल, आणि आपण चहा टाकायची. चहा झाला की वही बघायची. उत्तराकडे तिचं लक्षच नसे. किती ओळी खोडल्या, खोडल्यावर पुढची ओळ कुठून सुरू केली, ते ती बोट ठेवून बघायची. मार्कशीट सगळ्यात शेवटी. मग लेकराच्या डोळ्यांत पाहून आकडा सांगायची, तोही धानाच्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या, भाषेत: तुझ्यासारखे दहा पऱ्हे रोवले तर त्या बांधीत इतके जगतील. कोणाला चार, कोणाला दोन. एका पुढाऱ्याने मुलाकडून आकडा ऐकून तो वाढवून मागितला, तेव्हा तिने त्याला शांतपणे विचारलं होतं की मी वाढवून सांगितल्यानं बांधी मोठी होते काय. आईबापांना ती आकडा कधी सांगत नसे. ज्याचा त्याने ऐकायचा, हा तिचा नेम.

तो नेम तिने एकदाच मोडला, आणि तो मी मोडायला लावला.

माझी नात समीक्षा माझ्याजवळच तुमसरला राहून शिकली. तिला दक्षिणेतल्या एका संस्थेत गणित शिकायचं होतं. सगळ्या देशातून मूठभर मुलं घेतात तिथे. लेखी परीक्षा, मग मुलाखत. गेल्या थंडीत मी तिला विमलकडे घेऊन गेले. पोरगी स्वयंपाकघरात बसली, चहा झाला, वही दाखवून झाली. पण तिचं कॉलेजात प्रॅक्टिकल होतं आणि एस.टी. निघायची वेळ झाली होती. ती पळाली. मी मागे राहिले. विमल म्हणाली, तिला रविवारी पाठव, सांगते. मी म्हटलं, मी काय परकी आहे, माझ्याजवळ सांग. तिने चहाचे कप विसळून ठेवले. मग म्हणाली, "दहात एक. तिले असंच सांगजो. अन् दुसऱ्या कॉलेजचा फॉर्म भराले लावजो, इसरू नको."

दहात एक. मला वाटलं होतं, निदान सात-आठ. परतीच्या एस.टी.त मी विमलला मनातल्या मनात फार बोलले. घरी पोचले तर समीक्षा दारातच उभी. "किती, आजी?" माझ्या तोंडून निघून गेलं, नऊ. ती उड्या मारेल असं वाटलं होतं. ती भिंतीला टेकून हळूच खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ते पाहिल्यावर माझ्यात परत फिरायची हिंमत राहिली नाही. आणि जिला दहात नऊ, तिला दुसरा फॉर्म भर असं कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून तेही गिळलं. पांढरा कोट शिवणारी ती पोरगी साठी उलटून गेली तरी माझ्यात तशीच्या तशी बसलेली होती. या वेळी कोट तिने नातीसाठी शिवला, एवढाच फरक.

त्यानंतर मी विमलकडे जायचं टाळू लागले. कधी गुडघे दुखत, कधी पाहुणे येत. तिने फोनवर विचारलं, पोट्टीले सांगितलं ना? मी म्हटलं, हो, जसं तू म्हणाली तसंच. ती "बरं" म्हणाली. तेवढंच. परीक्षा झाली, समीक्षा लेखीत पास झाली, मुलाखत देऊन आली. निकालाची वाट पाहत होतो आणि तो फोन आला.

आता जे लिहिते ते लिहायला लाज वाटते. शेंगा मोडता मोडता एक क्षण असा आला की माझ्या मनात आलं, चला, आता कोणालाच कळणार नाही. माझी लहानपणापासूनची मैत्रीण खुर्चीत बसल्या बसल्या गेली होती, आणि मी सुटले म्हणत होते.

विमल गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. तिने ज्यांना एक सांगितला होता तेही आले होते, आणि बरेचसे रडत होते. वंदना झाल्यावर समीक्षा माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात सांगू लागली. जानेवारीत ती एकटीच विमलकडे गेली होती. नऊ दिल्याबद्दल पाया पडायला. बाई काय म्हणाल्या, असं मी विचारलं.

"आधी चहा टाकला. मग म्हणाल्या, आजीनं बराबर सांगितलं. पण ज्याले नऊ असतात ना, त्यानं तर दुसरा फॉर्म भरलाच पाहिजे. अन् तिथंच बसवून भरून घेतला माझ्याकडून. मग दर रविवारी बोलावत होत्या. तुले सांगू नको म्हणे."

जिने पुढाऱ्यासाठी आकडा हलवला नाही, तिने माझं खोटं आपल्या तोंडाने खरं केलं होतं. माझ्यासाठी? की पोरीसाठी? की त्या रविवारांत तिला समीक्षाच्या वहीत खरोखरच काही वेगळं दिसलं होतं, आणि एकाचे खरंच नऊ झाले होते? मी तिला विचारू शकत नाही. आयुष्यभर जी प्रत्येक गोष्ट तोंडावर सांगत आली, ती नेमकी हीच सांगायची ठेवून गेली.

आठ दिवसांनी निकाल लागला. समीक्षाचं नाव नव्हतं. दुसऱ्या फॉर्मवर मात्र नागपूरला जागा मिळाली. ती रडली नाही, नुसती म्हणत राहिली की बाईंचा आकडा आपल्यामुळे चुकला, आपणच कुठेतरी कमी पडलो. हे मात्र मला ऐकवेना. मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. बाईंचा आकडा चुकला नाही, एकच होता, नऊ माझे होते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "मग बाई काहून खोटं बोलल्या?" मी म्हटलं, नाही मालूम. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी नागपूरची बॅग भरताना म्हणाली की पुढल्या वर्षी पुन्हा बसणार आहे, आणि या वेळी कोणाला काही विचारणार नाही.

विमलच्या घराची किल्ली तिच्या पुतण्याने माझ्याकडे दिली आहे, झाडांना पाणी घालायला. परवा गेले तर ओसरीवर एक माणूस आणि त्याची मुलगी बसलेले. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं, आता पुनर्वसनात राहतो म्हणाला. पोरीच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाईल होती. मी सांगितलं की बाई आता नाहीत. त्याला ते कळलंच नाही. केव्हा येतील, असं विचारलं त्याने. मी पुन्हा सांगितलं. मग त्याने ती फाईल माझ्यापुढे धरली. म्हणाला, तुम्ही त्यांच्या मैत्रीण ना, मग तुम्हीच पाहा की, लागेल काय हिचा नंबर? पोरगी माझ्याकडे बघत होती. खरं सांगते, तो चेहरा पाहून जिभेवर एक आकडा आलाच होता.

"मले नाही मालूम, पोरी," मी म्हटलं. "तू अजून कुठं कुठं फॉर्म भरला?"

तिने मान हलवली. कुठेच नाही. मी कुलूप काढलं आणि तिला दुसरा फॉर्म भरायला आत स्वयंपाकघरात घेऊन गेले.