पेरूच्या जॅमची ढेप

आमच्या घरात पुरणयंत्र कुलपात ठेवतात. (सोनं फ्रीजवरच्या डब्यात असतं, हे सगळ्या भावकीला माहीत आहे.) किल्ली माझ्या बायकोकडे, सुनंदाकडे असते. होळीला पुरण वाटून झालं की ती यंत्र धुते, पुसते, उन्हात वाळवते आणि परत कुलपात टाकते. तेवढा वेळ मला काहीतरी काम काढून बाहेर पिटाळलेलं असतं.

या बंदोबस्ताला कारण मी. थोडेसे माझे वडील अण्णाही, पण त्यांना कोण बोलणार?

श्रीरामपूरला जाणाऱ्या रस्त्यावर माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार माझ्याकडे आणायची, मी तांब्याची तार भरून ती चालू करून द्यायची. या धंद्यात माणसाला एक वाईट खोड लागते. जगातली कुठलीही वस्तू आपल्याला जमेल, असं त्याला वाटायला लागतं.

गौरी, आमची मुलगी, तेव्हा सहावीत होती. शाळेत आनंद मेळावा होता. म्हणजे पोरांनी घरून खाऊ करून आणायचा, स्टॉल मांडायचे आणि आईबापांनी स्वतःच्याच घरचं खाणं पैसे देऊन विकत घ्यायचं.

"पप्पा, प्रांजल पाणीपुरी करणारे. अजून तिघी पण पाणीपुरीच करणारेत. आपण काय करायचं?"

मी नुकताच पोटभर जेवलो होतो, आणि पोट भरलं की मला कल्पना सुचतात. परसात पेरूची चार झाडं, पिकलेल्या पेरूंचा खाली सडा, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या. घरात कारखान्याची सभासदांना मिळालेली साखर पोत्यात पडून.

"जॅम!" मी म्हणालो. "ब्रेडला लावून द्यायचा. एकदम वेगळं!"

"तुम्हाला येतो?"

"अगं, साडेसात हॉर्सची मोटार भरतो मी. जॅमचं काय घेऊन बसलीस?"

सुनंदा ताटं उचलत होती. ती म्हणाली, "करा की. पन मी आदल्या दिवशी सोनईला हाय, भाच्याच्या बारशाला. आन माझ्या भांड्यांना हात लावायच्या आधी एकदा माझं तोंड आठवा."

दुसऱ्या दिवशी गौरीनं वर्गात जाहीर करून टाकलं. प्रांजल हसली म्हणे. "तुझे पप्पा मोटारी भरतात, ते कसला जॅम करतात!" त्यावर गौरीनं ठणकावलं, "माझ्या पप्पांना सगळं येतं!"

हे तिनं मला घरी येऊन मोठ्या अभिमानानं सांगितलं. आजवर माझ्याबद्दल असं कुणीच बोललं नव्हतं. बायको तर नाहीच नाही. आता काहीही झालं तरी पोरीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं मी ठरवलं. जॅमच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या. गौरीनं त्यांच्यावर चिकटवायला रंगीत चिठ्ठ्या केल्या, 'गौरीचा जॅम', खाली पेरूचं चित्र आणि पेरूला डोळे.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सुनंदा सकाळच्या एसटीनं सोनईला गेली, गौरी शाळेत गेली आणि मी दुकान बंद ठेवून मोबाईलवर जॅमचा व्हिडिओ लावला. त्यातली बाई पाच-सहा पेरू घेऊन बसली होती. मी दोन घमेली भरून घेतले होते.

पेरू शिजेपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग बिया निघाल्या. व्हिडिओतली बाई म्हणाली, गाळणीतून गाळून घ्या. मी गाळायला लागलो. बऱ्याच वेळानं वाटीभर गर निघाला. घमेल्याकडे पाहिलं तर ते जसंच्या तसं! तेव्हा मला पुरणयंत्र आठवलं. (सुनंदाचं तोंडही आठवलं, पण ओझरतंच.)

यंत्राचा दांडा फिरवून फिरवून मनगट भरून आलं. एवढ्यात माझी नजर कोपऱ्यातल्या ड्रिल मशीनवर पडली. आता मला सांगा, घरात ड्रिल मशीन असताना शहाण्या माणसानं मनगट का दुखवावं? मी दांडा काढला, ड्रिलचं तोंड बसवलं आणि बटण दाबलं.

सुरुवात स्वर्गीय होती! गर भराभरा खाली पडू लागला, दोन्ही घमेली संपत आली. मग एक बी अडकली. आतलं पातं थांबलं आणि त्याऐवजी अख्खं यंत्र फिरायला लागलं. पेरू भिंतीवर गेला, कॅलेंडरवर गेला, पंख्यावर गेला, आणि उरलेला दारातून बाहेर जाऊन ओट्यावर बसलेल्या अण्णांच्या टोपीवर बसला.

अण्णांनी शांतपणे टोपी काढली. बोटानं गर पुसला, चाटला.

"गोडीला कमी हाय," ते म्हणाले. "काय चाललंय?"

"जॅम करतोय, अण्णा. गौरीसाठी."

"म्हंजे पाक?"

इथं मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण मी म्हणालो, "तसंच काहीतरी." अण्णा उठून उभे राहिले.

अण्णा म्हणजे एके काळचे पंचक्रोशीतले गूळ पाडणारे नावाजलेले गुळवे. आमच्या विहिरीजवळ त्यांचं गुऱ्हाळ होतं. रस नुसता कढताना ऐकून ते सांगायचे, अजून किती जाळ लागेल. पुढं सगळा ऊस कारखान्याला जायला लागला, गुऱ्हाळ मोडलं, रस कढवायची काहील भंगारात गेली. तेव्हापासून या माणसानं चहासुद्धा स्वतः उकळला नव्हता. आणि आता त्यांच्यासमोर दोन घमेली गर आणि पोतंभर साखर!

"ग्यासवर?" ते कडाडले. "आरं, ग्यासवर कुटं पाक हुतो व्हय! जाळ पायजे जाळ!"

अंगणात तीन दगडांची चूल मांडली. भावकीचं लग्नातलं पातेलं आलं, तुराट्या आल्या. बघता बघता गर रटरटायला लागला, वर फेस आला. अण्णांचे डोळे चमकले. "मळी आली! जा, भेंडीचं झाड उपटून आन."

"भेंडी? जॅममध्ये?"

"आरं, भेंडीच्या चिकानं मळी वर येती. तुला काय ठावं? तू तारा गुंडाळ."

मी मोबाईलमधल्या बाईकडे पाहिलं. ती भेंडीबद्दल काहीच बोलत नव्हती. परसात बियाण्याला राखलेलं भेंडीचं झाड होतं, ते ठेचून पाण्यात चोळलं आणि ते पाणी पातेल्यात गेलं. मग अण्णांच्या तंबाखूच्या डबीतला चुना गेला. ("रंग येतो!") मग उतू जाऊ नये म्हणून गोडेतेलाचे थेंब गेले. मोबाईलमधली बाई तेव्हा दालचिनी टाकत होती. मी तिला बंद केलं.

पण खरं सांगतो, याउपरही जॅम झाला! गुलाबी-तांबूस रंग, घमघमाट, पळीवरून संथ सुटणारी धार. चाखून पाहिला तर अगदी विकतच्यासारखा!

"अण्णा, झाला! उतरवू या!"

"कच्चा हाय," अण्णा म्हणाले. "ही तर नुस्ती काकवी. आन काकवी झाली की काय करायचं आसतं?"

गुऱ्हाळाचा एक रिवाज आहे. काकवी उतरली की आल्यागेल्याला द्यायची, गुऱ्हाळावरून कुणाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. मी काही बोलायच्या आत अण्णांनी कुंपणावरून शेजारच्या हिराबाईला हाक मारली.

"हिराबाई! भांडं घिऊन ये! काकवी झाली!"

हिराबाईला सांगणं म्हणजे ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगणं. चहा कढायला लागतो तेवढ्या वेळात अंगण भरलं. कुणी तांब्या आणला, कुणी किटली, एक म्हातारा तर हातात चपातीच घेऊन आला.

"अण्णा, हा गौरीचा जॅम हाय! उद्या शाळेत न्यायचाय!"

"आरं, चार घास वाटलं की गुळाला बरकत येती."

"पन हा गूळ न्हाई!"

"न्हाई तर न्हाई," अण्णा पळी भरत म्हणाले. "हुईल आत्ता."

लोक चाटून पाहत होते आणि माना डोलावत होते. "लई झ्याक!" हिराबाई म्हणाली. "आगदी बाजारच्या जॅमवानी लागतंय बगा!" आता एवढं कौतुक झाल्यावर माणूस काय करील? मी अण्णांच्या हातातली पळी घेतली आणि हिराबाईला स्वतःच्या हातानं दोन पळ्या जास्त वाढल्या.

लोक पांगले तेव्हा पातेल्याच्या तळाशी बादलीभर माल उरला होता. मी म्हणालो, निदान हा तरी उतरवू. पण अण्णा आता ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. धोतर खोचून ते चुलीपुढं उभे होते, तोंड जाळानं लाल झालेलं, आणि एवढे खूश मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. मला त्यांना थांबवणं जिवावर आलं. त्यांनी थेंबभर पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळली आणि ती परातीवर आपटली.

टण्ण!

"आयकलास?" अण्णांनी गोळी परत एकदा आपटली. "आसा आवाज आला पायजे!"

जॅमचा असा आवाज येऊ नये, एवढं मलाही कळत होतं. पण तोवर सुनंदाच्या निळ्या बादलीत ओलं धोतर अंथरून माल ओतून झाला होता. ओट्यावर धुऊन पालथ्या घातलेल्या बाटल्या उन्हात चमकत होत्या.

संध्याकाळी गौरी आली. तिनं आधी बाटल्यांकडे पाहिलं.

"पप्पा, जॅम कुठंय?"

"बादलीत."

ती चमचा घेऊन आत गेली आणि लगेच बाहेर आली. "पप्पा, चमचा वाकला."

तिचे डोळे भरून आले. "मी सगळ्यांना सांगितलंय हो," ती म्हणाली, आणि कोपऱ्यात जाऊन बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चप्पल पायात घातली, एक रिकामी बाटली घेतली आणि दिलेला जॅम परत मागायला गल्लीत निघालो! आयुष्यात मी उसनं पुष्कळ मागितलंय, पण वाढलेलं परत मागायची ती पहिलीच वेळ.

"हिराबाई, मघाची ती काकवी... थोडी हाय का?"

"आवो, तांब्या चाटूनपुसून ठिवलाय! पोरं चपातीसंगं खाऊन बसली. उद्या परत करनार का?"

चपातीवाल्या म्हाताऱ्यानं मला नुसती चाटलेली बोटं दाखवली. सगळी गल्ली पालथी घातली तेव्हा एका घरातून अर्धी वाटी जॅम मिळाला, त्यात मुंगी होती.

परत येतो तर सुनंदा दारात. तिनं भिंत पाहिली, कॅलेंडर पाहिलं, मान वर करून पंखा पाहिला, मग तोंड फिरवून बसलेल्या लेकीकडे पाहिलं. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण ती एवढंच म्हणाली, "पुरनयंत्र कुटंय?"

ते मी तांदळाच्या डब्यात तळाशी दडवलं होतं. दांडा एकीकडे, पाय वाकडे. तिनं ते बाहेर काढलं आणि बाजूला ठेवलं. मग बादली पालथी केली. धोतरासकट ढेप धप्पकन जमिनीवर आली. सुनंदानं वरवंटा घेऊन कडेला एक घाव घातला, उडालेला खडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिली. मग दुसरा खडा उचलून गौरीच्या तोंडात घातला.

गौरी रडता रडता चघळायला लागली. हळूहळू रडणं थांबलं, चघळणं चालू राहिलं.

"मस्तंय," ती म्हणाली. "पण हा जॅम नाही."

अण्णांनी कमरेची चंची सोडली आणि अडकित्ता काढला. "गौरे, उद्या मी येतो तुझ्यासंगं. सुपारीवानी कातरून देतो. हाय काय आन न्हाई काय!"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात गौरीच्या टेबलावर ढेप, ढेपेमागं नव्या टोपीतले अण्णा आणि अण्णांच्या हातात अडकित्ता. कट्ट, कट्ट! पोरांनी असला स्टॉल बापजन्मी पाहिला नव्हता. पाणीपुरीच्या चारही टेबलांसमोरची गर्दी इकडं सरकली. प्रांजलनं तर दोनदा घेतलं. शेजारी मी ब्रेडचे पुडे मांडून उभा होतो. तिकडं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

मग हेडसर आले. त्यांनी चांगला सुपारीएवढा खडा तोंडात टाकला आणि तसेच भाषणाला उभे राहिले. "प्रिय विद्यार्थी..." एवढं झालं आणि त्यांचे दात एकमेकांना चिकटले. सरांनी हातानंच आशीर्वाद दिला आणि खाली बसले. दरवर्षी तासभर चालणारं भाषण तिथंच संपलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि उरलेली ढेप जागच्या जागी खपली.

शेवटी वर्गाच्या मॅडम आल्या. गौरीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "फारच छान झालंय गं! मला पण घरी करायचंय. कसं केलं?"

मी ब्रेडचे पुडे सोडले, केसांवरून हात फिरवला आणि सांगायला पुढं झालो.

पण गौरीनं मला बोलूच दिलं नाही. "सोपं आहे, मॅडम," ती म्हणाली. "पप्पांना जॅम करायला सांगायचं."