हाडाने धरेपर्यंत

एकदंत गजाननास वंदन करून, माझा सिरॅमिकचा दात हाडात स्थिर झाल्याच्या निमित्ताने हे लिहितो.

तीन महिन्यांपूर्वी पनवेलच्या दवाखान्यात मोरा बंदरावरच्या एक वृद्ध कोळीणबाई शेजारी होत्या. त्यांनाही नुकताच तसाच दात बसवला होता.

डॉक्टरांनी बजावले, "मावशी, जबड्याच्या हाडातलं भोक जरा अरुंद ठेवून दाताचा स्क्रू घट्ट बसवलाय. पण हाडाने धरेपर्यंत जिभेने ढोसू नका, नाहीतर दात निघेल."

पदर ओठांवर धरून त्या हसल्या. "घरान बोलाला कोन हाय, डाक्तर? जीभ गप पडूनच हाय."

मीही एकटाच राहतो, हे सांगावेसे वाटले. पण नव्या दाताचे निमित्त करून मौन राखले. आज तपासणीला दवाखान्यात गेलो, तर त्या दिसल्या नाहीत. चौकशी करायला नावही ठाऊक नाही.

वाचकहो, आपल्या घरी उत्तर देणारे माणूस सदैव असो.