पद्मा मॅडमची प्लाटून

शबाना चहाचा कप घेऊन माझ्या दिशेने आली. मी हात पुढे केला. ती मला वळसा घालून सरळ पद्मा मॅडमकडे गेली.

"शबाना, मी इकडं आहे."

"दिसलं ना मॅडम. पण पाहुण्यायले पहिले द्या लागते."

पाहुणे म्हणजे शेजारच्या राज्यातून आलेली महिला सशस्त्र पोलिसांची प्लाटून, तीसेक जणींची तुकडी. पोहरादेवीच्या यात्रेला तिकडून बंजाऱ्यांचे तांडेच्या तांडे येतात, म्हणून यंदा मदतीला तिकडचे पोलीस मागवले होते. पद्मा त्यांची अधिकारी. मी इथली पीएसआय. महिलांच्या दर्शनरांगेचा बंदोबस्त आम्हा दोघींकडे मिळून. तिच्या पोरी फक्त तेलुगू बोलत. पद्माला मोडकी हिंदी येई. आमच्या शबाना, निर्मला वगैरे शिपाई पोरींना तेलुगूचं अक्षरही कळत नव्हतं.

पहिल्याच दिवशी डीवायएसपी साहेब राउंडला आले. पद्माच्या पोरी उन्हात खांबासारख्या उभ्या. आमच्या दोघी रसवंतीवर.

"शिस्त याला म्हणतात," साहेब मला म्हणाले. "जरा शिका त्यांच्याकडून."

"येस सर," म्हटलं. पण आतून जळले. अर्धं आयुष्य या जिल्ह्यात बंदोबस्त करण्यात गेलं, आणि मला शिकवणार कोण, तर काल आलेली बाई.

रोल कॉलला मी आमच्या पोरींना झापलं. निर्मला लगेच बोलली, "मॅडम, तुमी ड्युटी दोन-दोन तासाची लावा, मंग आमी बी पुतळे होतो. पाचपाच तास कायले उभं करता?"

पद्माला असं कोणी बोलत नसे. ती नुसती भुवई उचलायची आणि पाच जणी जागा बदलायच्या. आमच्या पोरीही तिच्यापुढे आवाज खाली ठेवून बोलत. मला तेच जास्त लागायचं.

म्हणून मी तिच्यावर नजर ठेवली. शिकायला नाही. एखादी चूक सापडावी म्हणून. चूक सापडली नाही. त्यांची पॉइंट बदलायची रीत मात्र डोक्यात बसली. पॉइंट म्हणजे प्रत्येकीची नेमून दिलेली जागा. आमच्याकडे "चल गं, तू जा आता" म्हटलं की पॉइंट बदलला. त्यांच्याकडे नवी येणारी डाव्या बाजूला टाचेला टाच भिडवून उभी राहते, उजवा हात पहिलीच्या खांद्यावर ठेवते आणि समोर बघत थांबते. मग पहिली एक पाऊल मागे सरते. बोलणं नाही. असं झाल्याशिवाय जागा सोडायची नाही आणि मिळालेला हुकूम मोडायचा नाही, कोणीही येऊन सांगो. मला हा सगळा देखावा वाटला होता.

यात्रेच्या मुख्य दिवशी दुपारी मागून लोंढा आला. रांग दोन्हीकडून बांबूंनी बांधलेली. मध्ये शेताकडे उघडणारं एक फाटक होतं, अडचणीत लोकांना बाहेर काढण्यासाठी. त्यातून लोक मध्ये घुसतात, म्हणून बंद ठेवलेलं. त्यावर पद्माची एक पोरगी.

मागचे ढकलत होते, पुढे जायला जागा नव्हती. कडेवर लेकरं घेतलेल्या बाया बांबूवर दाबल्या गेल्या. एकीचं लेकरू रडत होतं. ते एकदम गप्प झालं. मी फाटकाकडे धावले.

"फाटक उघड! गेट खोलो!"

पोरगी जागची हलली नाही. काठी आडवी. पद्मा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि तिचा वायरलेस आमच्या चॅनलवर नव्हता.

शबाना त्या पोरीला ढकलायला लागली. शेजारच्या दोघी जवान शबानाकडे वळल्या.

"मॅडम, हिले दिसून नाही राह्यलं काय? लोकं मरून राह्यले!"

"शबाना, मागं हो. आत्ता."

दोन वर्द्या एकमेकींना भिडल्या असत्या, तर गर्दी उधळली असती.

मी त्या पोरीच्या डावीकडे गेले. टाचेला टाच भिडवली. खांद्यावर हात ठेवला आणि समोर बघितलं. तिने मान वळवून माझ्या खांद्यावरचे स्टार पाहिले, मग पाय पाहिले. समोरच्या बाया तिलाही दिसतच होत्या. वाटलं, ही काही सरत नाही.

ती एक पाऊल मागे गेली.

पॉइंट माझा झाला. मी कडी काढली. पहिलं लेकरू त्या पोरीनेच ओढून घेतलं. शबानाने त्याच्या तोंडावर पाणी मारलं. ते रडलं. जीव कोणाचाच गेला नाही.

साहेब आले तेव्हा पद्माच्या पोरी साखळी करून लेकरं शेतात पोचवत होत्या. "वा, पद्मा मॅडम! तुमच्या टीमनं वेळ निभावून नेली." शबानाने तोंड उघडलं. मी डोळे वटारले.

संध्याकाळी पद्मा शेजारी येऊन बसली. "वो लड़की बोली, खोलने का दिल था, ऑर्डर नहीं था. आपकी शबाना रहती तो?"

"शबाना तो कब का खोल देती. ऊपर से मुझे डाँटती, बंद क्यों रखा."

पद्मा हसली नाही. "मेरे पास वैसी एक भी नहीं. आपके पास सब वैसीच हैं. तीन दिन से देख के जल रही मैं."

मला बरं वाटलं. फार नाही, थोडं.

शेवटी सत्काराची शाल तिलाच मिळाली. मी टाळ्या वाजवल्या, जेवढ्या वाजवाव्या लागतात तेवढ्या.

तेव्हापासून संयुक्त बंदोबस्त असला की मी दुभाष्या शोधत बसत नाही. समोरची तुकडी हुकूम कोणाचा मानते आणि जागा कशी सोडते, ते पहिल्याच दिवशी बघते आणि दोन्हीकडच्या पोरींकडून तसा सराव करून घेते. आणि हेवा वाटला तर वाटू देते. कौतुकाने बघणाऱ्याला एवढं बारीक दिसत नाही.