मालनने आधी पाहिलं

दुपारी अडीचला ओपीडी संपते. मिरजेच्या आमच्या नेत्रविभागात या वेळी फक्त पंख्याचा आवाज असतो. मी चष्मा काढून खुर्चीत मागे रेलते. समोर माझा शोधनिबंध. लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्यावर वाढणाऱ्या कर्करोगाच्या गाठी. तीस वर्षं, दोनशे अकरा मुलं. जर्नलच्या परीक्षकांनी एकच अट घातली आहे: 'आईला आजार आधी दिसला' हा भाग गाळा, आईचं सांगणं पुरावा होत नाही. उत्तर आजच द्यायचं आहे. ओळी एकमेकींत मिसळायला लागतात.

"गाळून टाक," कुणीतरी म्हणतं.

पेशंटच्या स्टुलावर डॉ. टिपणीस बसलेत. माझे गुरू. डोळ्यातली गाठ ओळखायला मी त्यांच्याकडेच शिकले. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. हे मला माहीत आहे, त्यांनाही.

"सर, तुम्हीसुद्धा?"

"बाकीचं काम भक्कम आहे, हेमांगी. औषधांचे परिणाम, वाचलेले डोळे. एका भागापायी सगळं पणाला लावू नकोस."

"एकशे अडुसष्ट आयांनी आधी सांगितलं होतं. सरासरी पाच महिने आधी. त्यांचं कुणी ऐकलं नाही."

"त्या आया आहेत. डॉक्टर नाहीत."

मी तरातरा उठते, दार उघडते, आणि जतजवळच्या एका शाळेच्या व्हरांड्यात पाय ठेवते. १९९३चं शिबिर. मी नुकती डॉक्टर झालेली. रांगेतले चेहरे काचेवर वाफ धरल्यासारखे पुसट, स्पष्ट दिसते ती एकटी मालन. कडेवर आठ महिन्यांची रंजना.

"डाक्टर, दिव्यापाशी धरली की पोरीच्या डोळ्यात मांजरागत चमकतंय."

सर टॉर्च मारतात. दोन सेकंद. "काही नाही, बाई. चला, पुढचे."

मालन हलत नाही. "मी रोज बघते की तिला."

"पुढचे!"

मी शेजारीच उभी आहे. तेव्हाही होते. तेव्हा गप्प राहिले. आता ओरडते, "सर, परत बघा!" पण रांग पुढे सरकते, मालन पायऱ्या उतरते, आणि शेवटच्या पायरीखाली आमच्या ऑपरेशन थिएटरची हिरवी फरशी आहे. सात महिने उलटलेत. टेबलावर रंजना. गाठ डोळ्यामागच्या नसेत शिरलीय. डोळा काढूनही उपयोग नाही. त्या वर्षीची दिवाळी तिने पाहिली नाही.

सर नळाखाली हात धूत राहतात.

"हे लिहिणार आहेस?"

"हो."

"माझ्या नावानिशी?"

"तुमच्या आणि माझ्याही. मी गप्प होते."

"मी मेलोय, हेमांगी. मला बाजू मांडता येणार नाही."

"मालनला तुम्ही जिवंतपणी मांडू दिली नाहीत."

एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. पण शब्द मागे घेत नाही.

पाण्याचा आवाज थांबतो.

"मग तारीखही घाल," ते म्हणतात. "सात फेब्रुवारी. रविवार होता."

म्हणजे त्यांच्या लक्षात होतं. इतकी वर्षं, दिवसासकट. मला रडू येतं, पण ते जवळ येतात, ओल्या हाताने माझी हनुवटी उचलतात.

"वर बघ." उजव्या डोळ्यात थेंब पडतो. "बाहुली मोठी केल्याशिवाय आतलं दिसत नाही. त्या दिवशी एवढंच करायला हवं होतं मी."

डोळा चुरचुरतो.

"मॅडम, चहा." सिस्टर सुवार्ता कप ठेवता ठेवता थबकतात. "अहो, उजवी बाहुली केवढी मोठी झालीय! थेंब घातलात?"

मी आरशात बघते. डावी नेहमीची. उजवी काळीभोर, काठापर्यंत पसरलेली.

"सकाळभर पोरांच्या डोळ्यांत थेंब घालत होते," मी म्हणते. "हात लागला असेल."

"हात तर तुम्ही दर पेशंटनंतर धुता."

मी स्क्रीनकडे वळते. खिडकीतला उजेड टोचतो, वाचता येत नाही. मी स्क्रीनवरची अक्षरं मोठी करते, आणखी मोठी, आणि परीक्षकांना उत्तर लिहिते: 'हा भाग गाळणार नाही. त्यात माझ्या गुरूंच्या आणि माझ्या चुकीची नोंद वाढवली आहे. दिनांक ७ फेब्रुवारी १९९३.'

पाठवते. बाहुली दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तशीच राहते.